एका साडीमागे किती सुटतात?

आमच्या गटात नवी बाई आली की ओळख करून घ्यायची पद्धत जुनीच आहे. नाव, माहेर, सासर, आणि काय काम करता. गेल्या उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या आमच्या बैठकीला एक जण पहिल्यांदाच आली होती. चाळिशीची, कडक इस्त्रीची इरकल नेसलेली. कामाचा प्रश्न आल्यावर म्हणाली, ‘‘मी काय नाही करत ताई, घरातच असतो.’’ मग जरा थांबून, ओशाळल्यासारखी, ‘‘जुन्या साड्या विकतो मोबाईलवर. छंद म्हणून आपलं.’’

छंद! बाईनं भरतकाम केलं तर छंद, लोणची घातली तर छंद, आणि वर्षाला तीनशे साड्या विकत घेऊन, स्वच्छ करून, विकून गावोगाव पाठवल्या तरी तोही छंदच. पुरुषानं हेच केलं असतं तर दुसऱ्या महिन्यात दारावर ‘प्रोप्रायटर’ अशी पाटी लागली असती.

तिला आम्ही खोदून खोदून विचारलं. माल कुठून आणते? नात्यागोत्यातून, कॉलनीतून. आपल्याकडे प्रत्येक कपाटात आहेराच्या साड्यांचा एक गठ्ठा असतोच. देणारीला ठाऊक असतं ही नेसली जाणार नाही, घेणारीलाही ठाऊक असतं, तरी ती साडी घडी न मोडता या कपाटातून त्या कपाटात फिरत राहते. हा गठ्ठा ती विकत घेते. एखादी मोडकळीला आलेली पैठणी, एखादी आजीची नारायणपेठही मिळते. महिन्याला पंचवीसेक साड्या जातात, सरासरी नऊशे रुपयांना. तिनं मोबाईल पुढे केला. त्यावर मोठ्या हिरव्या अक्षरात आकडा होता : या महिन्याची विक्री २२,५०० रुपये.

‘‘म्हणजे एका साडीमागे किती सुटतात?’’ आमच्यातल्या भाजी विकणाऱ्या मावशींनी विचारलं. त्यांना हा प्रश्न रोज सकाळी मार्केट यार्डात स्वतःला विचारावा लागतो. ही बाई गप्प झाली. तिनं तो कधी विचारलाच नव्हता. छंदाचा हिशेब कोण मांडतं?

मग आम्ही सतरंजीवरच वही उघडून बसलो. प्रत्येक कंपनीचे दर वेगळे असतात आणि ते बदलतही राहतात, तेव्हा खालचे आकडे नमुन्याचे समजावेत, रीत मात्र सगळीकडे हीच. साडी विकली ९०० रुपयांना. कंपनीचं कमिशन शेकडा १५, म्हणजे १३५. दर वस्तूमागे ठरावीक शुल्क २५. पोचवण्याचे ७५. झाले २३५. पण गोष्ट इथं थांबत नाही. कंपनी आपल्याला जी ‘सेवा’ देते तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही आपल्याकडूनच वसूल होतो : ४२ रुपये ३० पैसे. एकूण कापले गेले २७७.३०. हातात आले ६२२.७०. साडी घेतली होती ४०० ला. उरले २२२.७०. ड्रायक्लीन आणि रोलिंगचे ८०, पिशवी आणि चिकटपट्टीचे ८. उरले १३४.७०.

इथं तिचा चेहरा जरा खुलला. पण मावशी सोडतात होय! ‘‘आणि नासाडी?’’ भाजीत नासाडी असते, तशी या धंद्यात परत आलेल्या मालाची असते. पाठवलेल्या पाचांतली एक साडी परत येते. कधी ‘रंग फोटोतल्यासारखा नाही’ म्हणून, तर कधी चक्क हळदीकुंकवाला नेसून झाल्यावर. हो, काठाला कुंकू लागलेली साडी ‘आवडली नाही’ म्हणून परत आल्याचं तिनं स्वतः दाखवलं. परतीची वाहतूक १२० रुपये, त्यावर पुन्हा १८ टक्के, म्हणजे १४१.६०. हा खर्च विकल्या गेलेल्या चारांवर वाटला तर प्रत्येकीवर ३५.४०. आता उरले ९९ रुपये ३० पैसे.

महिन्याला पंचवीस साड्यांचे झाले २,४८२ रुपये ५० पैसे. मोबाईलवर २२,५००, पदरात जेमतेम अडीच हजार.

आणि वेळ? साडी आणायला जाणं, उजेडात धरून डाग आणि विरलेल्या घड्या बघणं, ड्रायक्लीनवाल्याकडे टाकणं आणि आणणं, गच्चीवर ऊन कलल्यावर फोटो काढणं, मजकूर लिहिणं, ‘पदर उलगडून दाखवा’, ‘ब्लाऊजपीस आहे का’ या प्रश्नांना रात्री अकरापर्यंत उत्तरं देणं, घडी घालणं, पाकीट करून देणं. आम्ही हात आखडून मोजलं तरी एका साडीमागे तीन तास भरले. म्हणजे तासाला ३३ रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामावर दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९. म्हणजे दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाईपेक्षाही कमी. आणि ती बाई निदान आपल्या कामाला छंद म्हणत नाही.

याच वहीत आणखी एक गोष्ट कळली. तीच साडी ९०० ऐवजी १००० ला लावली, तर कमिशन आणि त्यावरचा कर मिळून वाढीव शंभरातले १७ रुपये ७० पैसे कंपनी घेते, बाकी ८२.३० आपले. ९९.३० चे होतात १८१.६०, म्हणजे तासाला साठ रुपये. किंमत एक नवमांशानं वाढवली की मजुरी जवळजवळ दुप्पट! उलटही तितकंच खरं. ‘सेल आहे, शंभर रुपये कमी करा’ असा निरोप कंपनीकडून आला आणि आपण तो मानला, तर ९०० ची साडी ८०० ला जाते आणि आपल्याकडे राहतात १७ रुपये. तीन तासांचे सतरा रुपये. कंपनीचं कमिशन मात्र १३५ वरून १२० होतं, इतकंच. सूट कोण देतं आणि कोणाच्या खिशातून जाते, हे वही उघडल्याशिवाय दिसत नाही.

मैत्रिणींनो, हे गणित आपल्यापैकी कुणालाही अवघड नाही. चौथीच्या पुस्तकातलं आहे. मग ते केलं का जात नाही? माझ्या मते कारण एकच, तो ‘छंद’ हा शब्द. घरात तो शब्द सगळ्यांच्या सोयीचा आहे. छंद म्हटलं की त्याला वेगळी जागा लागत नाही, दिवसाची वेळ लागत नाही, स्वयंपाक उशिरा होण्याचं कारण म्हणून तो सांगता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, आणि जे पुरुष असं काम करतात त्यांचा ८८. त्या २८९ मिनिटांतून उरलेल्या फटीत हे तीन तास बसवायचे असतात. १९९१ च्या जनगणनेत ‘काम’ या प्रश्नापुढे शेतावरचं आणि घरच्या धंद्यातलं बिनमोबदल्याचं कामही धरावं, असे शब्द मुद्दाम घालावे लागले होते, तेव्हा कुठे बायका मोजल्या जाऊ लागल्या. आज साडी विकणारी बाई स्वतःच ‘काही करत नाही’ म्हणते, तिथं मोजणाऱ्यानं काय लिहावं?

आता कराकडे येऊ. ‘कर’ म्हटलं की आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक तर ‘आपल्याला कुठला कर’ म्हणून हसण्यावारी नेणं, नाहीतर धास्तीनं धंदाच बंद करणं. दोन्हींची गरज नाही.

पहिली गोष्ट, आपल्या कपाटातली आपण नेसलेली साडी विकली तर तो धंदा नव्हे. स्वतःच्या किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांच्या वापरातले कपडे आणि फर्निचर यांना आयकराचा कायदा भांडवली मालमत्ता मानत नाही. सहा हजारांची साडी दोन हजारांना गेली, की ते आलेले दोन हजार उत्पन्न म्हणून दाखवायचे नसतात. दागिन्यांना मात्र ही सवलत नाही. बांगड्या मोडल्या आणि नफा झाला तर तो भांडवली नफा ठरतो. विकण्यासाठी म्हणून जी साडी आपण विकत घेतली, ती धंद्यातली. म्हणून वहीत दोन पानं करायची. एका पानावर ‘माझ्या नेसत्या साड्या’, दुसऱ्यावर ‘विकायला आणलेल्या’. आमच्या मैत्रिणीनं दोन्ही एकत्र केल्या होत्या, त्यामुळे कुठल्या साडीचे पैसे नफ्याचे आणि कुठल्या साडीत आपण आपलीच जुनी चीज मोडून खाल्ली, तेही तिला सांगता येईना.

दुसरी गोष्ट, आयकर विक्रीवर नसतो, नफ्यावर असतो. २२,५०० वर नव्हे, २,४८२ वर. वर्षाचे झाले २९,७९०. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. तेव्हा हिला भरायचा कर शून्य. मात्र कंपनी विक्रीच्या रकमेतून टीडीएस कापते, तेव्हा ती नफा-तोटा बघत नाही. ही कपात २०२० च्या ऑक्टोबरपासून शेकडा एक रुपया होती, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ती हजाराला एक रुपया झाली. वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असलेल्या आणि आपला पॅन किंवा आधार क्रमांक कंपनीला दिलेल्या व्यक्तीच्या पैशातून ती होत नाही. क्रमांकच दिला नाही तर मात्र थेट पाच टक्के कापले जातात. नऊशेच्या साडीमागे ४५ रुपये! आपल्या ९९ रुपयांतले जवळजवळ निम्मे. ते परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यावर.

जीएसटीचं प्रकरण जास्त मजेशीर आहे. रस्त्यावरच्या दुकानदाराला महाराष्ट्रात मालाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी करावी लागत नाही. पण २०२३ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत नियम असा होता की हाच माल तुम्ही कंपनीच्या ऑनलाइन बाजारात विकलात तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. म्हणजे महाद्वार रोडवरचा साडीवाला मोकळा, आणि घरी बसून दहा साड्या विकणारी बाई विवरणपत्रांच्या चक्रात. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरायचं, आणि चुकलं तर दिवसाला वीस रुपये विलंबशुल्क. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सक्ती उठली. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन देऊन एक नाव-नोंद क्रमांक घेतला की छोट्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात विकता येतं. नोंदणी नको, विवरणपत्र नको.

राज्यातल्या राज्यात. इथंच मेख आहे. कोल्हापूरची साडी सातशे-आठशे किलोमीटरवरच्या चंद्रपूरला जाऊ शकते, पण चाळीस किलोमीटरवरच्या निपाणीला नाही, कारण निपाणी कर्नाटकात. ज्या निपाणीच्या, बेळगावच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापुरात येतात, त्यांना तीच साडी पाकिटातून पाठवायची तर पूर्ण नोंदणी हवी. एसटीत बसून ती बाई स्वतः आली, समोरासमोर पैसे देऊन साडी घेऊन गेली, तर चालतं! मोठ्या कंपन्यांना राज्यांच्या सीमा लागत नाहीत, त्या फक्त लहान बाईला लागतात. आणखी एक अन्याय असा की कंपनीच्या शुल्कावर भरलेले ते ४२ रुपये ३० पैसे नोंदणी असलेला व्यापारी आपल्या कराच्या हिशेबात वळते करून घेऊ शकतो. नोंदणी नसलेल्या बाईचे ते गेले ते गेलेच.

इतकं सगळं समजावून झाल्यावर आम्ही तिला विचारलं, कंपनीला पॅन कुणाचा दिला आहेस? तर नवऱ्याचा. बँकेचं खातं? नवऱ्याचं. ‘‘त्यांचंच सगळं आधीपासून होतं, माझं कुठं काढत बसायचं.’’

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो कराच्या पुस्तकात नीट सापडत नाही. कागदोपत्री ही बाई काहीच करत नाही. तीनशे साड्या तिच्या नवऱ्यानं विकल्या आहेत, त्याच्या पगारात तो नफा मिळवला जाणार, त्याच्या दरानं त्यावर कर लागणार. हिंदू वारसा कायदा १९५६ सांगतो की बाईनं स्वतःच्या कौशल्यानं आणि कष्टानं मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची. पण ती तिच्या कष्टाची होती हे दाखवायला कागद लागतो. उलटा प्रकारही आपण पाहतोच. दुकान नवऱ्याचं, नोंदणी बायकोच्या नावावर, तिला एका सहीपलीकडे माहिती नाही, आणि थकबाकीची नोटीस आली की ती तिच्या नावानं. पहिलीकडे काम आहे आणि नाव नाही, दुसरीकडे नाव आहे आणि हातात काही नाही.

नवऱ्यानं भांडवल म्हणून पैसे दिले असतील तर आणखी एक नियम लक्षात ठेवा. नवऱ्यानं बायकोला मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशातून जे उत्पन्न येतं, ते आयकराच्या कायद्यानुसार त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. कर चुकवायला बायकोचं नाव वापरणाऱ्यांसाठी हा नियम केला, त्यात तोंडघशी पडते खरोखर काम करणारी. म्हणून आम्ही सांगतो, भांडवल भिशीतून उभं करा, बचत गटाकडून कर्ज घ्या. दहा हजारांवरही सुरुवात होते.

आता कुणी म्हणेल, महिना अडीच हजारांसाठी एवढा खटाटोप? तर ज्या मैत्रिणी कौटुंबिक न्यायालयात खेटे घालतात त्यांना विचारा. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ठरवून दिलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगायची. निर्णय चांगलाच आहे. पण विचार करा, समोरच्या वकिलानं त्या हिरव्या आकड्याचा फोटो काढून दिला, ‘बाई महिन्याला साडेबावीस हजार कमावते’ म्हणून, तर आपल्या हातात काय आहे? वही असेल तर पंचवीस साड्यांच्या खरेदीच्या पावत्या, कंपनीच्या कपातीचा तपशील, परत आलेल्या मालाचा खर्च आणि तळाला २,४८२.५०. वही नसेल तर फक्त ‘नाही हो साहेब, एवढे नाही मिळत’ हे वाक्य. त्या वाक्यावर आजवर कुणी विश्वास ठेवला आहे? आणि ज्या बाईचं खातंच नवऱ्याच्या नावावर, तिला तर दोन्ही बाजूंनी मार. विक्री तिची धरली जाईल, पैसे त्याच्याकडे असतील.

आमच्याच कार्यकर्त्यांमध्ये यावर बरीच खडाजंगी झाली. एकीचं म्हणणं पडलं, हा पांढरपेशा बायकांचा प्रश्न, आपण ऊसतोडणी आणि घरकामगारांचे प्रश्न सोडून यात कुठं शिरायचं? दुसरी म्हणाली, बायांना सरकारच्या नजरेत कशाला आणता? २०२४ ला सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत घरातलं कुणी आयकर भरत असेल किंवा घराचं उत्पन्न अडीच लाखांवर असेल तर दीड हजार बंद, मग कोण नाव-गाव देईल? ही भीती खोटी नाही. पण विवरणपत्र भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण बायांना सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार? राहता राहिला पांढरपेशेपणा. तासाला तेहतीस रुपये मिळवणारी बाई पांढरपेशी म्हणायची का, हे मी वाचणाऱ्यांवर सोडते.

मला स्वतःला टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. जुन्या कपड्यांचा हा धंदा मुळात बोहारणीचा. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरायचं, दोन साड्या आणि एका पँटीवर स्टीलचं पातेलं द्यायचं, आणि ते कपडे पुढे बाजारात विकायचे. आपल्या आया तिच्याशी तासतासभर घासाघीस करायच्या, ‘या साडीला जर आहे, एवढ्यावर डबा नाही देत?’ म्हणून. मला आता वाटतं, त्या दुपारी उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या बायका धंद्याचं गणितच करत होत्या, आणि दोघींनाही आपल्या साडीमागे किती सुटतात ते ठाऊक होतं. अहमदाबादेत १९७२ साली ‘सेवा’ उभी राहिली तेव्हा सुरुवातीला संघटित झालेल्या बायकांमध्ये या जुने कपडे विकणाऱ्या होत्या. त्यांना छंद आहे असं कुणी म्हटलं नाही. आता चांगल्या साड्या मोबाईलवर जातात, बोहारणीच्या वाट्याला फाटकं तेवढं उरतं. ऑनलाइन विक्रीचं कौतुक करताना हेही बोललं पाहिजे. आमच्या गटाला याचं उत्तर सापडलेलं नाही. एवढंच ठरलं की मैत्रिणीकडे न विकल्या गेलेल्या साड्या ती आमच्या भागात येणाऱ्या बोहारणीलाच देईल, आणि भाव पाडून मागणार नाही.

मागायचं काय, यावर मात्र एकमत झालं. विक्रेतीनं किंमत टाकली की त्याच क्षणी कमिशन, शुल्क, वाहतूक आणि कर वजा जाता हातात किती येतील, तो आकडा मराठीत दिसला पाहिजे. वापरून परत केलेल्या मालाचा खर्च विकणारीवर टाकू नये. आणि चाळीस लाखांची सवलत राज्याच्या सीमेवर तुटू नये. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांची व्याख्या ‘सेवा’ देणाऱ्यांभोवती बांधलेली आहे. खाणं पोचवणारा मुलगा त्यात बसतो, साडी विकणारी बाई ‘विक्रेता’ ठरून बाहेर राहते. तिचे तीन तास हे काम नव्हे का, हा प्रश्न लावून धरायला हवा. आपणही आपल्या पाहण्यांच्या तक्त्यात ‘गृहिणी’ असं लिहून पुढच्या ओळीवर जाणं आता थांबवायला हवं.

आमची मैत्रीण त्यानंतर प्रत्येक बैठकीला येते. शंभर पानी वही केली आहे, डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. सरसकट सगळ्या साड्यांची किंमत शंभरानं वाढवली. पंचवीसच्या वीसच विकल्या जातात, पण हातात पहिल्यापेक्षा हजारावर जास्त उरतात, आणि पंधरा तास वाचतात. पॅन स्वतःच्या नावाचा काढला. बँकेत खातं उघडलं. नवऱ्यानं फार विरोध केला नाही, ‘कर बाई तुझा छंद’ म्हणाला.

अडचण एकच उरली आहे. तिच्या आधारला मोबाईल नंबर अजून नवऱ्याचा जोडलेला आहे, त्यामुळे काहीही करायचं म्हटलं की ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि तो सकाळी नऊला कामावर जातो. मंगळवारी मावशी आणि मी तिच्याबरोबर आधार केंद्रावर जाणार आहोत. साडेनऊलाच जायचं ठरलंय. दहानंतर रांग लागते.